दोन फेऱ्यांना एक ठोका

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. रक्कम अकराशे चाळीस रुपये. हजर माणसे चार: गॅरेजचे मिस्त्री, बाईंचा कोपरगावचा भाचा, मी आणि स्वतः बाई. बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. ठिकाण त्यांचेच अंगण, नगर शहराच्या पूर्वेकडच्या कडेला. अंगणात लिंबाखाली त्यांची जुनी व्हॅन उभी होती आणि तिचे इंजिन ठोकत होते.

अकराशे चाळीस हा आकडा मिस्त्रींनी कागदावर सहा ओळींत मांडला होता. मी तेव्हा सरकारी कचेरीत हिशेबनीस होतो. दुष्काळी कामांचे हजेरीपट तपासणे हे माझे दिवसभराचे काम. सवयीने मी पेन्सिल घेऊन मिस्त्रींची बेरीज तपासली. बरोबर होती. बेरीज बरोबर निघाली म्हणून मला रोगही खरा वाटला. ही माझी चूक, आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी.

त्याच कागदाच्या मागे भाच्याने तिथेच बसून दुसरा मजकूर लिहिला. दुरुस्ती परवडत नसल्याने गाडी आहे त्या स्थितीत मिस्त्रींना नऊशे रुपयांस विकत आहे, असा. खाली विकणाऱ्याची जागा, घेणाऱ्याची जागा, साक्षीदाराची जागा.

"साहेब, तुम्ही तेवढी सही करून टाका," भाचा म्हणाला.

मी केली. बाई त्या वेळी आत चहा ठेवायला गेल्या होत्या.

बाहेर येऊन त्यांनी कागद हातात घेतला. पुढून वाचला, उलटून मागून वाचला.

"आमी गाडी विकली ह्याला साक्षीदार हाय," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आन् विकली हे आमाला म्हाईतच न्हाई. भाऊसाहेब, तुमच्या कचेरीत असंच चालतं का?"

मी पेन्सिल खिशात घातली. त्यांनी कागदाची घडी घातली, पोलक्यात खोचली आणि म्हणाल्या, "चहा घ्या. निवला तर पुन्यांदा तापवनार न्हाई."

बाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या. तीसपेक्षा जास्त वर्षे त्यांनी एका इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात नर्स म्हणून काढली होती. जन्म पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्या गावातला. डॉक्टरांशी त्या स्वच्छ शहरी मराठी बोलत, हे मी स्वतः ऐकले आहे. पण निवृत्त झाल्या त्या दिवशी ती भाषा त्यांनी गणवेशाबरोबर जमा करून टाकली आणि पुन्हा आपल्या गावचे बोलू लागल्या. गणवेशातली एकच वस्तू त्यांनी ठेवली. छातीवर उलटे लटकवायचे नर्सचे घड्याळ. पांढरे लुगडे, पायात कॅनव्हासचे बूट, आणि डाव्या खांद्याखाली ते घड्याळ. एकदा माझ्या पत्नीने विचारले, "आता कशाला हो लावता?" त्या म्हणाल्या, "आमी घरी बसलो, म्हनून बाया बाळंत व्हायच्या थांबल्या का?"

त्यांची खोली मी सत्तर साली घेतली. घेण्यापूर्वी कचेरीतल्या तिघांनी मला बाजूला घेऊन वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. बाईंच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता आणि दारातून आत शिरताच समोर बुद्धाची तसबीर दिसे. मी तिघांनाही सांगितले की भाडे पंचेचाळीस रुपये आहे आणि खोलीला दोन खिडक्या आहेत. हे मी फार शौर्याने सांगितले असे नाही. पंचेचाळीस रुपयांत दोन खिडक्या दुसरीकडे मिळत नव्हत्या.

बहात्तरच्या उन्हाळ्यात गल्लीतला नळ कोरडा पडला. बाईंच्या परसातल्या आडाला मात्र कमरेएवढे पाणी होते. तिसऱ्या दिवशी बायामाणसे हंडे घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यांतली निम्मी एरवी बाई समोरून आल्या की गल्लीची दुसरी कड धरणारी. बाईंनी फाटक सताड उघडले. नियम एकच ठेवला. आडाच्या काठावर एक पितळी तांब्या, त्यांच्या घरातला, रोजच्या वापरातला. त्या म्हणाल्या, "ज्याला पानी पायजे त्यानं पयलं हितं बसून ह्या तांब्यानं घोटभर प्यायचं. मंग हंडा भरायचा. पानी चांगलं हाय का न्हाई हे ज्याचं त्यानं बगायला नको?"

पहिल्या दिवशी सात घरांनी पाणी नेले, आठवड्याच्या अखेरीस एकवीस. एक पेन्शनर गृहस्थ दोन दिवस रिकामी कळशी घेऊन फाटकाशी उभे राहिले आणि तशीच घेऊन परत गेले. तिसऱ्या दिवशी ते काठावर बसले, डोळे मिटून त्यांनी तांब्या तोंडाला लावला. सगळी गल्ली बघत होती. बाई फक्त म्हणाल्या, "सावकाश काका. ठसका लागंल." याहून एक शब्द जास्त नाही. आणि पावसाळ्यात नळ आल्यावरही तो तांब्या काठावरून हलला नाही.

आता व्हॅनची गोष्ट.

ती विलायती बनावटीची, समोरून बोथट नाकाची, बसकी गाडी होती. दोन्ही बाजूंना बाके, मागे दोन पाखांचे दार. इस्पितळात ती रुग्ण आणायला होती आणि अकरा वर्षे बाई तिच्यात ड्रायव्हरशेजारी बसून खेडोपाडी हिंडल्या होत्या. गाडी लिलावात निघाली तेव्हा बाईंनी फंडाच्या पैशातून अठराशे रुपये मोजून ती घेतली. भाचा महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. जुन्या ड्रायव्हरने त्यांना गाडी चालवायला आणि थोडेफार उघडायला शिकवले. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्याच फाटकाचा उजवा खांब पाडला. तो पुन्हा बांधला नाही. "ऱ्हाऊ दे तसाच," त्या म्हणत, "मला रोज सांगतोय, बाई, उजवीकडं बग."

दर गुरुवारी त्या ही गाडी घेऊन पूर्वेकडच्या गावांना जात. घरात दाराच्या आतल्या बाजूला एक कागद खिळ्याला लावलेला असे. त्यावर पोटुश्या बायकांची नावे आणि नावापुढे महिना. ज्यांचे घरी निभण्यासारखे होते त्यांना त्या तिथेच बघत. ज्यांचे अवघड दिसे त्यांना दिवस भरत आले की गाडीत घालून नगरला आणत. भाडे चार आणे. कमी नाही, जास्त नाही, आणि माफ तर मुळीच नाही.

मी एकदा त्यांना म्हणालो, "बाई, चार आण्यांत पेट्रोलचा वासही येत नाही. घेता कशाला? लोक खडी फोडतायत."

"भाऊसाहेब, तुमचं गनित पेट्रोलचं हाय," त्या म्हणाल्या. "फुकट बसवली का बाई कोपऱ्यात अंग चोरून बसती. चार आणे दिलं का पाय पसरून बसती. अवघडलेल्या बाईनं पाय पसरून बसावं का आखडून, सांगा."

हे त्यांचे तत्त्व दोन्ही बाजूंनी चाले. त्या कुणाचे फुकट काम घेत नसत. गाडीचा स्टार्टर कधीच मेलेला होता. समोरून हँडल घालून फिरवले तरच ती सुरू होई, आणि ते काम हळूहळू माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला आठ आणे देऊ केले. मी हसून नको म्हणालो. त्यांचा चेहरा बदलला. "फुकट काम करनाऱ्याला पुढं तोंड फुटतं," त्या म्हणाल्या. "आज नको म्हनाल आन् वर्सानं म्हनाल, बाईची गाडी माज्या जिवावर चालली." तरी मी घेतले नाहीत. शेजारधर्माचे पैसे घ्यायचे नाहीत, असे माझ्या घरी शिकवले होते. तेव्हापासून दर वेळी त्या देऊ करत, मी नको म्हणे, आणि त्या दिवसभर माझ्याशी तुटक बोलत.

तर त्या फेब्रुवारीत दारामागच्या कागदावर अकरा नावे होती, आणि सगळ्यांत वर कौसा. कौसाचे गाव पाथर्डीच्या पुढे आठ-नऊ मैल आत. तिची आधीची दोन मुले घरीच गेली होती, दोन्ही वेळा अडून. बाईंनी तिला तपासून सांगितले होते की हिचे मूल पोट कापूनच काढावे लागेल, नगरला, आणि कळा सुरू व्हायच्या आत न्यावे लागेल. गुरुवार पंधरा तारखेला येते, असा शब्द त्या देऊन आल्या होत्या. येतानाच करंजीच्या घाटात इंजिन ठोकू लागले.

आता पुन्हा रविवारी, चहाकडे.

मिस्त्रींचे म्हणणे असे की रॉडचे बेअरिंग गेले. इंजिन उतरवायचे, क्रँक म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा घासायला पुण्याला पाठवायचा, नवे बेअरिंग घालायचे. मुदत दोन ते तीन आठवडे. भाचा कोपरगावला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. मनाने वाईट नव्हता. त्याला एवढेच वाटत होते की आत्या पडेल, मरेल, आणि लोक त्याला विचारतील की तू कुठे होतास.

"आत्या, आता पुरे झालं," तो म्हणाला. "नऊशे येतायत ते घे. माझ्याकडं चल. खोली रिकामीच हाय."

"आन् कौसा?"

"कौसाला तिच्या घरचे बैलगाडीत घालून आणतील."

"कंच्या बैलांनी? बैल चाऱ्याच्या छावनीला हायेत."

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "बाई, राग मानू नका. पन इंजिनाचं काम म्हंजी काय बाळंतपन न्हाई. बायकांनी त्यात हात घालू न्हाई."

"खरं हाय मिस्त्री," बाई म्हणाल्या. "बाळंतपनात अंदाज चुकला तर नऊशेला भंगारात घालता येत न्हाई."

मिस्त्री उठले. सायकलला टांग मारताना म्हणाले, "आज बगा काय करायचं ते. उद्या सकाळी येतो. कागद तयार ठेवा." ते गेले, आणि बाई आत जाऊन दोन वस्तू घेऊन आल्या. एक पाना. दुसरी वस्तू मी पूर्वी पाहिली नव्हती. वीतभर लांबीचे लाकडी नळकांडे, एका टोकाला कर्ण्यासारखे पसरट, दुसऱ्या टोकाला चपटे. पोटावर ठेवून आतल्या बाळाचे ठोके ऐकण्याचे. वापरून वापरून ते चिंचोक्यासारखे तुळतुळीत झाले होते.

"आदी कान, मंग पाना," त्या म्हणाल्या. "आमच्या ड्रायव्हरानं एवढंच शिकवलं. उठा भाऊसाहेब, हँडल मारा."

मी हँडल मारले. इंजिन सुरू झाले. धप्प, धप्प, धप्प, असा जाड आवाज पत्र्यातून पायापर्यंत येत होता. बाईंनी माझ्या पत्नीला हाक मारून लाकडी पळी मागवली आणि त्या पळीने एकेका प्लगची वायर उचलू लागल्या. वायर उचलली की तेवढा सिलेंडर मुका होतो. बेअरिंग ज्या सिलेंडरचे गेले असेल तो मुका केल्यावर ठोका मऊ पडायला हवा, असे त्यांनी सांगितले. चारही वायरी उचलून झाल्या. इंजिन प्रत्येक वेळी अडखळले, लंगडले, पण ठोका तसाच राहिला. जराही मऊ पडला नाही.

"ऐकलं का?" त्या भाच्याला म्हणाल्या.

"मला काही कळलं न्हाई."

"तुला कळंल असं करू."

त्यांनी इंजिन बंद केले, चारही प्लग काढून ओळीने ओट्यावर ठेवले. प्लग काढल्यावर हँडल रहाटासारखे सहज फिरते. मला त्यांनी हँडलवर बसवले. भाच्याच्या हातात चुलीतला कोळसा दिला आणि त्याला भिंतीशी उभे केले. स्वतः बॉनेट उघडून आत वाकल्या, नळकांड्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला.

"भाऊसाहेब, हळू फिरवायचं. फेरे मोठ्यानं मोजायचे. चाळीस झालं का थांबा. मला ठोका ऐकू आला का मी बोट वर करीन. तू बोटाकडं बगून भितीवर रेघ मारायची. दुसरीकडं बगायचं न्हाई."

मी फिरवू लागलो. एक. दोन. तीन. उन्हात लोखंड तापले होते. चाळीस झाले. भाच्याने रेघा मोजल्या. तेवीस.

"तेवीस व्हतच न्हाई," बाई आतूनच म्हणाल्या. "चाळीसाचं एक तर चाळीस, न्हाईतर वीस. तू काय मोजत हुतास?"

भाचा जरा वरमला. "साहेब मधीच हुश्श करत हुते. मला वाटलं तोच."

"भाऊसाहेबांची धाप मोजून इंजिन दुरुस्त व्हनार न्हाई. पूस ते. पुन्यांदा."

मी विचारले, "चाळीस किंवा वीसच का?"

बाईंनी डोके बाहेर काढले. गालावर ग्रीसचा पट्टा होता. "क्रँकला जे काई बांधलेलं हाय ते क्रँकच्या फेऱ्याला फिरतं. रॉड तिथंच हाय. रॉडचं बेअरिंग गेलं असलं तर फेऱ्याला एक ठोका पडंल. चाळीसाला चाळीस. पन वरच्या अंगाला दुसरा दांडा हाय, कॅम म्हन्त्यात. तो निम्म्यानं फिरतो. रोग त्याच्या अंगाला असंल तर दोन फेऱ्यांना एक ठोका. चाळीसाला वीस. आता कळलं?"

मला कळले. आणि खरे सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ आकडे तपासले, पण एखाद्या आकड्याची इतकी वाट कधी पाहिली नाही. मिस्त्रींच्या कागदावर मी फक्त बेरीज बरोबर आहे का ते पाहिले होते. आता आकडा काय सांगतो ते ऐकायचे होते. चाळीस आले असते तर मिस्त्री खरे, कागद खरा, माझी सही खरी, आणि कौसा घरी.

दुसऱ्या वेळी मी श्वास रोखून फिरवले. बाईंचे बोट वर जाई, कोळसा भिंतीवर फिरे. पस्तिसाव्या फेऱ्याला मी हात बदलला. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

भाच्याने पाच-पाचच्या जुड्या केल्या होत्या. वजनकाट्यावरची सवय. एक, दोन, तीन, चार जुड्या. वर काही नाही.

"वीस," तो म्हणाला. मग पुन्हा मोजून म्हणाला, "आत्या, वीसच हायेत गं."

बाई हसल्या नाहीत. पुन्हा आत वाकल्या आणि मला फिरवत ठेवून नळकांडे इकडून तिकडे सरकवू लागल्या. वर, मागे, खाली. एका जागी थांबल्या. इंजिनाच्या कडेला बशीएवढा छोटा पंप असतो, टाकीतले पेट्रोल वर खेचणारा. त्याचा एक दांडा आत कॅमवर टेकलेला असतो. बाईंनी दोन बोल्ट काढून तो पंप बाहेर ओढला. आतल्या दांड्याला मागून दाबून धरणारी स्प्रिंग दोन तुकडे होऊन लोंबत होती. सुटलेला दांडा कॅमच्या प्रत्येक फेऱ्याला आपटत होता.

करंगळीच्या पेराएवढी स्प्रिंग. तिच्यासाठी इंजिन पुण्याला चालले होते.

"अजून खरं धरू नका," बाई म्हणाल्या. पंपाच्या भोकावर त्यांनी पावडरच्या डब्याचा पत्रा कापून बसवायला घेतला. पत्रा आणि लोखंड यांच्यामध्ये ग्रीस लावलेला जाड कागद लागतो, नाहीतर तेल गळते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. मग पोलक्यातून ती घडी काढली, उलगडली, पंप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि कात्रीने कापले. नेमका सह्यांचा कोपरा गेला.

"आत्या, तो कागद!" भाचा म्हणाला.

"जाड हाय. मिस्त्री कागद चांगला वापरतो."

प्लग बसवले. कार्ब्युरेटरमध्ये घोट-दोन घोट पेट्रोल उरले होते, तेवढ्यावर इंजिन मिनिटभर चालेल असा त्यांचा अंदाज. मी हँडल मारले. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागले.

ठोका नव्हता.

जुन्या इंजिनाची खरखर होती, पत्र्याचा थरथराट होता, पण तो जाड धप्प आवाज नव्हता. बाईंनी छातीवरचे घड्याळ उलटे धरले. भाचा कोळसा हातात धरून तसाच उभा. माझी पत्नी ओट्यावर आली होती. पन्नास सेकंदांनी पेट्रोल संपले आणि इंजिन आपले आपण थांबले.

"माझी पळी?" पत्नी म्हणाली.

"वायरीला लागली हाय. आता भाजीत घालू नका," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातात दीड रुपया ठेवला. तिने तो घेतला. मला मात्र तीन रुपये दिले ते मी घेतले नाहीत. ऐंशी फेरे फिरवले होते, तरी नाही. बाईंनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि प्लग पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सांगितल्याप्रमाणे आले. बाईंनी त्यांना तुटकी स्प्रिंग दाखवली आणि भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. मिस्त्री बराच वेळ स्प्रिंग बोटांत फिरवत राहिले. ते लबाड नव्हते असे मला आज वाटते. त्यांच्याकडे दिवसभर ट्रक येत, आणि ट्रकांचे बेअरिंगच जाते. बाईंनी पाच रुपये पुढे केले.

"नको बाई. लाजवू नका."

"लाजवत न्हाई. तुमी आलात, बगितलं, चुकलात. आल्याचं पैसं घ्या. चुकल्याचं देत न्हाई." मग कोपरा कापलेला कागदही त्यांना दिला. "आन् हे तुमचं अंदाजपत्रक. बेरीज बरोबर हाय, भाऊसाहेबांनी तपासली हाय."

हे माझ्या समोर. मी गल्लीकडे बघत राहिलो.

स्प्रिंग लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाच्या दुकानात मिळाली, सव्वा रुपयाला. मंगळवारी संध्याकाळी पंप बसला, पुन्हा त्याच कापलेल्या कोपऱ्यावर. माझी साक्षीदार म्हणून केलेली सही त्यानंतर गाडी चालली तोवर त्या इंजिनाच्या कुशीत ग्रीसमध्ये दबून होती. विक्रीला नाही, तेल गळू नये एवढ्याला.

गुरुवारी मी एका दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारण असे दिले की घरगुती काम. पाथर्डीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि त्यांवर वाकलेली माणसे. त्यांतल्या कित्येकांचे हजेरीपट माझ्या टेबलावरून गेले असतील. नावे मला पाठ होती, माणसे पहिल्यांदा बघत होतो. बाई पुढे बघून गाडी चालवत होत्या. घाटात त्यांनी एकदाही गिअर चुकवला नाही. अर्ध्या घाटात एकदाच बोलल्या, "ऐका." मी ऐकले. काही नव्हते. "व्हय," त्या म्हणाल्या, "तेच ऐका म्हनते."

कौसा दारात पाय लांब करून बसली होती, हाताला खडीच्या पावडरीचा पांढरा थर. तिची सासू कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली. उंच, सुकलेली, डोळे लाल.

"चार आणं देनार न्हाई," ती आधीच म्हणाली. "मागल्या दोन टायमाला सुईनीला दिलं, देवरुश्याला दिलं. हाती काय लागलं? दोन खड्डे."

माझ्या मनात आले की आता तरी बाई माफ करतील. बाईंनी तिच्याकडे तिच्याइतकेच ताठ बघितले.

"आता नको देऊ. मूल रडलं का दे. न्हाई रडलं तर मी मागनार न्हाई. पन रडलं तर पायी येऊन द्यायचं. कबूल?"

सासूने विचार केला. "कबूल," ती म्हणाली, आणि स्वतः कौसाला काखेत हात घालून उचलून तिच्याबरोबर गाडीत चढली.

मी हँडल मारले. परतीच्या चव्वेचाळीस मैलांत कौसा एकदाच बोलली. तिने विचारले, "ही गाडी मधीच बंद पडती का?" बाई म्हणाल्या, "तुज्यासमूर बसलेल्या मानसाला इचार. त्यानं मोजलं हाय." कौसाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही पडत." एवढ्या खात्रीने मी कचेरीतही कधी काही बोललो नव्हतो.

शनिवारी दुपारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. मुलगी. वजन पाच पौंड दोन औंस. बाईंना आत सोडले नव्हते, त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या. रडणे त्यांना दाराबाहेर ऐकू आले. त्यांनी घड्याळ पाहिले आणि मनाशी वेळ नोंदवली.

पुढच्या रविवारी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. भिंतीवर त्या वीस रेघा तशाच होत्या. बाईंनी पुढे दोन वेळा घराला चुना दिला, पण तेवढा तुकडा दर वेळी सोडला. फाटकाच्या पडक्या खांबाशी कौसाची सासू उभी होती. इस्पितळातून पायी आली होती. शहराचे हे टोक तिथून दोन मैल.

"रडली," ती म्हणाली. "लई रडती. समद्या खोलीला झोपू देत न्हाई." मग लुगड्याच्या गाठीतून तिने एक नाणे सोडवले आणि बाईंपुढे धरले.

बाई भाकरी थापत होत्या. हात पिठाचे. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केले.

"त्याला दे. हँडल त्यानं मारलं."

सासू माझ्याकडे वळली. तळहात पुढे. त्यावर चार आणे, मध्ये खडीने पडलेली भेग. नको म्हणायचा शब्द माझ्या तोंडात आलाच होता. मी तिच्या तोंडाकडे पाहिले. ती मला दान देत नव्हती आणि उपकारही मागत नव्हती. ती ठरलेले द्यायला दोन मैल चालून आली होती, आणि मी नको म्हणालो असतो तर तिला ते दोन मैल तेच नाणे घेऊन, मिंधी होऊन परत जावे लागले असते.

मी चूळ भरली, हात पंच्याला पुसला आणि पुढे केला. मागे तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून पाहिले नाही.

एकूण दिले: चार आणे. देणारी कौसाची सासू. घेणारा मी.